पडायची जागा

आमच्या दवाखान्यात कुणी हात मोडून आला तरी डॉक्टर आधी हाताबद्दल विचारत नसत. पेशंट टेबलावर टेकायच्या आत त्यांचा प्रश्न तयार असे.

"कुठं पडला?"

पेशंट बिचारा सुजलेलं मनगट पुढं करी.

"ते दिसतंय मला. जागा कुठली?"

मग त्या जागेची उलटतपासणी सुरू होई. मोरीत पडला असेल तर फरशी गुळगुळीत का खडबडीत, पाणी कुठं तुंबतं, साबण कुठं ठेवता, दिवा आहे का. विहिरीवर पडला असेल तर कठडा आहे का, मोटारीच्या पाइपावरून कोण कोण उतरतं. हे विचारताना त्यांचे हात आपलं काम करत असत. पेशंट साबणाच्या वडीबद्दल सांगण्यात गुंगला की हाड जागेवर बसे. तो कळवळून ओरडे, आणि डॉक्टर म्हणत, "झालं. आता साबणाचं पुढं सांगा."

घोडेगावात त्यांचा हाडांचा दवाखाना होता आणि मी तिथं सिस्टर होते. बरीच वर्षं होते. दवाखाना तळमजल्यावर. हाडांचा दवाखाना वरच्या मजल्यावर काढणाऱ्याला डॉक्टर म्हणू नये असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी ओळखीच्या एका डॉक्टरांना, त्यांच्याच नव्या दवाखान्याच्या उद्घाटनाला, जिन्यात उभं राहून ऐकवलं. पेढा न खाता परत आले. बाईसाहेबांनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, नंतर फोन करून माफी मागितली. बाईसाहेबांचा निम्मा जन्म असे फोन करण्यात गेला.

दवाखान्यात दोन शब्दांना बंदी होती. एक अपघात आणि दुसरा नशीब. शिनोलीकडचे एक म्हातारबाबा खुब्याचं हाड मोडून आले होते. ते म्हणाले, "नशिबात व्हतं, डॉक्टर, पडलो."

"नशीब कुठल्या पायरीला लावलंय ते दाखवा बाबा. गुरुवारी येऊन काढून टाकतो."

आणि खरंच गेले. गुरुवारी दवाखाना बंद असे. त्या दिवशी ते स्कूटरच्या डिकीत हातोडी, खिळे, बाइंडिंग वायर आणि पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घालून बाहेर पडत. ज्याचं हाड त्या आठवड्यात जोडलं असेल त्याच्या घरी जात, पडायची जागा बघत, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढत. उंबरा उंच असेल तर त्यालाही. एका घरात तर त्यांनी सासूबाईंच्या पाटालाही पट्टा मारला, कारण सून त्यालाच अडखळून पडली होती. सासूबाई मरेपर्यंत त्या पाटावर बसल्या नाहीत. आजही आमच्या भागात जुन्या घरांना पिवळी कड दिसली की मी ओळखते, इथं कुणीतरी पडलं होतं.

लग्नाला त्यांना बोलवायची लोकांना भीती वाटे आणि न बोलवायचीही. नवरा-नवरीकडं न बघता ते थेट आचाऱ्याकडं जात. एकदा आमटीचं पातेलं पोरांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर दिसलं, तर त्यांनी पंगत थांबवून ते चुलाणासकट मागच्या अंगाला हलवायला लावलं. मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, पावणं खोळंबलंत."

"खोळंबू द्या. भाजलेलं पोरगं जास्त खोळंबा करतं."

श्रावणात ते भीमाशंकरला जात, पण देवळात क्वचितच पोचत. ओल्या पायऱ्यांवर एका बाजूला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांची पावलं बघत. परत आल्यावर मी विचारलं, "दर्शन झालं का, सर?" तर म्हणाले, "पायऱ्यांचं झालं."

लोकांनी त्यांच्या या वेडाच्या कितीतरी कथा रचल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी विहिरीत पडला म्हणे. आई चुलीवर भाजली म्हणे. यातलं काहीच खरं नव्हतं. जुन्नरकडचं त्यांचं बागायती घर, भाऊ सगळे धडधाकट, आई नव्वदीपर्यंत ठणठणीत. मी एकदा न राहवून विचारलंच. ते म्हणाले, "सिस्टर, गवंड्याला कुणी विचारतं का, भिंत सरळ का बांधतो म्हणून?"

पण त्यांचं पडायच्या जागा बघणं नुसतं पायऱ्या आणि पाटांचं नव्हतं, हे मला कडबाकुट्टीच्या वेळी कळलं.

बेल्ह्याच्या अंगाचे एक मोठे बागायतदार आपल्या गड्याला घेऊन आले. गड्याची उजव्या हाताची बोटं कडबाकुट्टीत गेली होती. बागायतदार वाईट माणूस नव्हते. स्वतःच्या गाडीतून त्याला आणलं, सीट रक्तानं भिजली तरी चकार शब्द काढला नाही. फक्त एकच पालुपद होतं, "मशीन नवंकोरं हाये, डॉक्टर. याचंच ध्यान नव्हतं."

टेबलावरचा गडीही मान हलवून म्हणत होता, "माजंच ध्यान नव्हतं."

गुरुवारी डॉक्टर तिकडं निघाले. गड्याचं ड्रेसिंग करायचं म्हणून मीही बरोबर गेले. गोठ्यात मशीन होतं, पण वैरण सारायच्या तोंडावर जे पत्र्याचं झाकण असतं ते नव्हतं. डॉक्टरांनी शोध घेतला. झाकण कोपऱ्यात उताणं पडलं होतं, त्यात पेंढा घातला होता आणि पेंढ्यावर एक कोंबडी अंडी उबवत बसली होती.

डॉक्टरांनी कोंबडी दोन्ही हातांनी अलगद उचलली आणि मालकीणबाईंच्या हातात दिली. "धरा जरा हिला." मग अंडी एका पाटीत पेंढ्यावर मांडली आणि झाकण झटकलं.

"झाकान लावलं की काम सावकाश व्हतं," बागायतदार म्हणाले. "वैरण अडकती, राव."

"बरोबर आहे. बसा इथं."

बागायतदार गड्याच्या बसायच्या फळीवर बसले. डॉक्टरांनी वीज बंद असल्याची खात्री केली आणि त्यांच्या हातात कडब्याची पेंढी दिली. "सारा आत. घाबरू नका, लाईट बंद आहे."

त्यांनी पेंढी सारली. शेवटची धाटं आत जाईनात, म्हणून त्यांनी सवयीनं हातानं रेटली आणि हात तसाच थांबला. बोटांची टोकं रोलरला टेकली होती. ते आपल्या हाताकडं बघत बसले.

"उद्या इथं तुमच्या लेकाला बसवाल का?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

बागायतदारांनी हात मागं घेतला. डॉक्टरांनी पाना मागितला आणि झाकणाचे नट स्वतः आवळले. त्या घरचं माणूस पुन्हा आमच्याकडं कधी आलं नाही. त्या गावात मात्र डॉक्टरांची स्कूटर दिसली की मशिनांवर झाकणं चढायची. स्कूटर वळल्यावर काही जण काढूनही ठेवत असतील. गडी त्याच मालकाकडं राहिला. पुढं डाव्या हातानं सगळं करायला शिकला.

परत येताना डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, एकाच उंचीवरून पडलेली दोन माणसं माझ्याकडं कधी सारखी येत नाहीत. एक येतो गाडीत उशीवर हात ठेवून. दुसरा दुसऱ्या दिवशी येतो, दुधाच्या टेम्पोत, फडकं बांधून. पडतात सारखेच."

मी तेव्हा हूं म्हटलं. माझं माहेर डोंगरातलं आहे. शिनोली मागं टाकून भीमाशंकरच्या रस्त्यानं गेलं की धरणाच्या वरच्या अंगाला एक फाटा फुटतो, त्याची डांबरी पुढं संपते, आणि तिथून पायवाटेनं वर गेल्यावर आमचं गाव. आम्ही भात आणि नाचणी पिकवणारी माणसं. आमचं माणूस खाली दवाखान्यापर्यंत कसं पोचतं हे मला जन्मापासून माहीत होतं. मला वाटायचं, ते डॉक्टरांनाही माहीत असेल.

माझी वहिनी पडली तेव्हा हिरड्याचा हंगाम होता. आमच्याकडं उन्हाळ्यात सगळं गाव हिरड्याच्या झाडांवर असतं. कोवळा हिरडा झोडायचा, वाळवायचा आणि व्यापाऱ्याला घालायचा. औषधाला जातो म्हणतात. झाडं उंच, फळ फांदीच्या अगदी शेवटाला. वहिनी माहेराहूनच झाडावर चढण्यात पटाईत होती. आमच्या दादापेक्षा ती वर जायची आणि वरून त्याला चिडवायची. त्या दिवशी फांदी मोडली.

जीप दवाखान्याच्या दारात आली तेव्हा मी आत प्लास्टरची तयारी करत होते. दादाचा आवाज ओळखून बाहेर आले. वहिनी मागच्या सीटवर आडवी होती, डोळे उघडे, चेहरा शांत. मला बघून म्हणाली, "वन्सं, पाय कुठं गेलं माजं, बगा जरा."

त्या दिवशी डॉक्टरांनी जागा विचारली नाही. त्यांनी वहिनीच्या तळपायावर टाचणीचं टोक फिरवलं, पोटरीवर फिरवलं, मांडीवर फिरवलं. मग टाचणी ट्रेमध्ये ठेवून पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेच्या वरती ती पूर्ण बरी झाली. पावसाळा उलटल्यावर ती घरी आली आणि पडवीतल्या खाटेवर तिचं बस्तान बसलं. दादानं खाटेच्या वर आढ्याला दोर बांधून दिला, त्याला धरून ती उठून बसायची. तिथूनच चुलीवरचं सगळं हुकुमानं चालवायची.

भात कापून झाल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, तुमची हरकत नसेल तर झाड बघायला येऊ का?"

त्यांनी एखाद्याच्या घरी जायची परवानगी मागितलेली मी प्रथमच ऐकली.

डांबरी संपली तिथं आम्ही स्कूटर लावली. डॉक्टर साठीच्या पुढचे, वाट उभ्या चढाची, करवंदीच्या जाळ्यांतून जाणारी. मध्ये एक ओढा. ते थांबत थांबत चढले. पडवीत पोचल्यावर वहिनीच्या खाटेजवळ बसले, पाणी प्यायले, तिच्या पाठीला जखमा झाल्यात का ते बघितलं. मग म्हणाले, "मी काय सांगतो ऐका. आता या घरातल्या कुणी झाडावर चढायचं नाही."

"नाय चढत," वहिनी लगेच म्हणाली. "मंग काय खायाचं तेबी सांगून जावा."

"भात पिकतो ना तुमचा?"

"पिकतो की. दिवाळीला दळाय घेतला का व्हळीला कणगी रिकामी. फुडं हिरडाच हाये, डॉक्टर. तुमी खाली पायऱ्या रंगवता आसं वन्सं सांगत्यात. आमचं झाड कुठून कुठून रंगवाल?"

दादा ओशाळला. "ती आशीच बोलती, मनावर घिऊ नका."

डॉक्टरांनी मनावर घेतलं होतं, पण वेगळ्याच तऱ्हेनं. ते खाटेजवळून उठले. मग म्हणाले, "चढतात कसं, ते दाखवा."

झाडाखाली गेल्यावर त्यांनी बूट काढले. मोजेही काढून बुटात ठेवले. मी आणि दादा दोघंही नको नको म्हणत असताना त्यांनी दादाच्या खांद्यावर पाय दिला आणि पहिल्या बेचक्यात बसले. तिथून पुढच्या. वरून त्यांचं बोलणं चालू होतं, दवाखान्यात एक्स-रे वाचताना चालायचं तसं. "हाताला धरायला इथं काही नाही... इथं पाय वाकडा ठेवावा लागतो... एका हातात काठी असली तर दुसऱ्या हातानं काय काय करायचं? आणि फळ तर तिकडं टोकाला."

मग आवाज बंद झाला. थोड्या वेळानं म्हणाले, "सिस्टर, वर आलो खरा. खाली यायची वाट दिसत नाही."

दादानं वर चढून त्यांचा एकेक पाय धरून खाली ठेवत आणलं. शेवटच्या बेचक्यातून मात्र त्यांना वाटलं, आता आपलं आपण उतरू. उतरले नाहीत, पडले. उंची फार नव्हती, पण घोटा गेला. जमिनीवर बसल्या बसल्याच त्यांनी तो चाचपला आणि मला म्हणाले, "मोडलाय."

आमच्या गावात मोडलेल्या माणसाला खाली न्यायची एकच पद्धत. बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची, आत माणूस घालायचा, आणि खांदे बदलत निघायचं. दादा आणि शेजारची माणसं आली, झोळी झाली, डॉक्टर आत गेले. झोळीत माणूस निजत नाही, दुमडतो. पाठीची कमान होते, हनुवटी छातीला लागते, आणि वाहणाऱ्याच्या प्रत्येक पावलाला सगळं अंग हिंदकळतं. घोटा सांभाळायला मी बाजूनं चालत होते. डॉक्टर प्रत्येक उताराला ओरडत होते.

"तुमच्या बायकोलाही असंच आणलं का?" त्यांनी आतून विचारलं.

"आसंच. घोंगडीबी हीच," दादा म्हणाला. "पर ती येवढी वरडत नव्हती."

बाकीचे हसले. ओढा उतरताना झोळीचा तळ दगडाला घासला. तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "थांबा. खाली ठेवा मला."

ठेवलं. ते घोंगडीवर उठून बसले, कपाळाचा घाम पुसला आणि दादाला विचारलं, "ती पडली तेव्हा पाय हलवत होती का?"

"हलवत व्हती की. पानी मागितलं, पाय पोटाशी घेतलं. म्हणून तर आमाला वाटलं, लई काय लागलं नसंल."

"आणि खाली आल्यावर?"

"जीपमधी घालताना म्हनाली, मुंग्या आल्यात. फुडं मंग..."

दादा बोलता बोलता थांबला. मला कळलं होतं. नर्सिंग शिकलेली मी, मला ते त्या दिवशी जीपच्या दारातच कळायला हवं होतं असं नाही, कारण वर ती पाय हलवत होती हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पण आता ओढ्याच्या काठी ते सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं आणि दादा ते हळूहळू वाचत होता.

"का इचारलं, डॉक्टर?"

डॉक्टर घोट्याकडं बघत राहिले.

"आमच्या आणन्यानं झालं का?"

मला वाटलं, आता यांनी खोटं बोलावं. आयुष्यात एकदा. पण त्यांना ते येत नव्हतं. ते म्हणाले, "थोडं झाडाखाली झालं. बाकीचं वाटेत झालं असणार. मणका मोडला की माणसाला सपाट ठेवावं लागतं, फळीवर, बांधून. झोळीत तो आणखी वाकतो."

दादा खाली बसला. ओढ्याचं पाणी वाजत होतं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

"ऐका माझं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याकडं घोंगडी होती, तुम्ही घोंगडीतून आणलं. आणलं नसतं तर ती गेली असती. फळी लागते, पट्टे लागतात, रस्ता लागतो. त्यातलं काहीच तुम्हाला कुणी दिलं नव्हतं."

"कुनी द्यायचं व्हतं?" दादानं विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी खालच्या घोंगडीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "मी सगळ्यांच्या मोऱ्या बघत हिंडलो, भाऊ. माणसं माझ्यापर्यंत येतात कशी, हे बघायला एकदाही वर आलो नाही."

दादा उठला. बांबू खांद्यावर घेतला. बाकीच्यांनीही घेतला. खाली पोचेपर्यंत डॉक्टर पुन्हा ओरडले नाहीत.

संध्याकाळी दादानं वहिनीला सगळं सांगितलं. न सांगता त्याला राहवलं नसतं. ती काही दिवस त्याच्याशी बोलली नाही. भाकरी करायला सांगायची तीही भिंतीला सांगितल्यासारखी. मग एक दिवस म्हणाली, "डॉक्टरला बोलवा."

डॉक्टर तोवर कामाला लागले होते. पाय प्लास्टरमध्ये घालून ते टेम्पोत बसून बेल्ह्याच्या बैलबाजारात गेले. तिथं कासरे, म्होरक्या आणि बैलांचे पट्टे विकणारा एक म्हातारा बसतो, त्याला म्हणाले, "माणसासाठी पट्टे हवेत."

तो म्हणाला, "डॉक्टर, मानसाला कशाला बांदायचं? आधीच का थोडं बांदलंय?" पण त्यानं चांगले रुंद सुती पट्टे करून दिले. सुतारानं लांब फळ्या केल्या, कडेला हातानं धरायला खाचा ठेवून. झाडावर चढताना कमरेला बांधून फांदीभोवती घ्यायचे पट्टेही केले. ते सगळं घेऊन डॉक्टर आमच्या गावी आले, म्हणजे दादानं त्यांना पाठुंगळी आणलं.

बायकांनी पट्टे हातात घेतले आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. एक म्हणाली, "आता बैलाचं पट्टं आमच्या कमरंला? दाव्यालाच बांदा की आमाला." हसणं होतं, पण त्यात टोचणारं काही होतं, आणि डॉक्टर लाल झाले. वहिनीनं एक पट्टा मागून घेतला, उलटासुलटा केला, बोटांनी घासून बघितला. "काचंल ह्यो," ती म्हणाली. मग जुन्या लुगड्याच्या घड्या घालून तिनं तो गोधडीसारखा शिवला, वर तिच्या आवडीचा हिरवा काठ लावला. पुढं ती ते पट्टे शिवतच राहिली. काही बायका चढताना ते बांधायला लागल्या. काहींनी त्या पट्ट्यांनी करडं बांधली. तेही मी डोळ्यांनी बघितलंय.

फळ्यांचं तसं नव्हतं. फळी बांधायला शिकावं लागतं. डॉक्टर शाळेच्या अंगणात खुर्चीवर बसून गावातल्या माणसांना शिकवत होते. निजायला कुणी तयार होईना. जिवंतपणी असं फळीवर बांधून घेणं अशुभ, असं सगळ्यांना वाटत होतं. वहिनीलाही दादानं खाटेसकट तिथं आणवलं होतं. ती म्हणाली, "मला उचला."

दादा म्हणाला, "तू नगं."

"का? माजं आता काय बिगडायचंय?"

अंगणात कुणी हललं नाही. डॉक्टरांनी खाली मान घातली. मग वहिनीच ओरडली, "या ना म्होरं! डोकं धरायला येक, कमरंला दोगं. वाकवू नका, येकदम उचला. डॉक्टर, बराबर हाये ना?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले.

डोकं धरायला दादा आला. त्या दिवसानंतर आजूबाजूच्या वाड्यांवरची माणसं शिकायला यायची, ती वहिनीकडं. ती त्यांच्यावर खेकसायची. "घागर हाये का मी? मान सांबाळ!" दरवेळी डोक्याशी दादाच असे. फळी खाली ठेवली की तिच्या कपाळावरचे केस मागं सारायचा आणि बाजूला व्हायचा. त्यांचं बोलणं त्यातूनच परत सुरू झालं.

रस्त्यासाठी डॉक्टर बऱ्याच कचेऱ्यांत गेले. बाईसाहेबांना पुष्कळ फोन करावे लागले. रस्ता निम्म्यापर्यंत आलाय. ओढ्यावर पूल अजून नाही.

आता दवाखाना बंद आहे. डॉक्टर पुण्यात लेकीकडं असतात. गुडघे गेलेत. तिच्या सोसायटीनं त्यांच्या पेंटच्या डब्यावरून नोटीस काढली होती, असं बाईसाहेब सांगत होत्या. मला ते आठवतात ते मात्र त्यांच्या घोडेगावातल्या शेवटच्या उन्हाळ्यातले, आमच्या पडवीतले.

पलीकडच्या वाडीतली एक नवी सून आदल्या वर्षी हिरड्यावरून पडली होती. तिच्या माणसांनी तिला फळीवर बांधून, वाट बदलून, ओढा वरच्या उथळ अंगानं ओलांडून खाली आणलं. मणक्याला तडा गेला होता, पण आतली दोरी, म्हणजे मज्जारज्जू, शाबूत होती. ती बरी झाली. बरी झाल्यावर वहिनीला भेटायला आली, ओटी भरायला खण-नारळ घेऊन. डॉक्टरही त्या दिवशी आले होते. मी चहा ठेवला होता.

सून पडवीत येऊन वहिनीच्या पाया पडायला वाकली.

"वाकू नगं," वहिनी म्हणाली. "उभी ऱ्हा. आता चाल जरा."

सून गोंधळली. "कुठं?"

"आंगनात. त्या उंबराखाली जा आन् परत ये."

सून चालत गेली. नवं लुगडं होतं, पायांत जोडवी. चहा उतू गेला तरी माझ्यानं उठवलं नाही. वहिनी आढ्याचा दोर धरून बसती झाली होती आणि पोरीच्या पावलांकडं बघत होती. सून उंबराला हात लावून परत आली.

"लंगडतीस का गं?"

"न्हाई, आत्या."

"मंग आनखी येक डाव जा. सावकाश. मला दिसू दे."

सून परत निघाली. डॉक्टरांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. वहिनीनं दोर न सोडता त्यांच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आवो डॉक्टर, तिकडं काय बगताय? हिकडं बगा. कशी चालती बगा पोरगी."